मोडक्या घोड्यांचं रान

ऐकून न घेणाऱ्या माणसांचा राग सगळ्यांनाच येतो. मला मात्र गेल्या वर्षभरात ऐकून घेणाऱ्यांचा राग आला आहे, आणि तो काही केल्या जात नाही. न ऐकणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं. ज्यानं तुमचं म्हणणं मान हलवत ऐकलं, लिहून घेतलं, वर तुमचे आभार मानले आणि मग नेमकं उलटं करून ठेवलं, त्याच्याशी भांडायचं कुठून?

मी कुंभकोणमला मेलकावेरीत राहते. मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आमचं घर मराठी, म्हणजे तंजावरच्या राजांच्या काळात इकडे आलेल्यांपैकी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्याच्या नातेवाइकांना आमची मराठी ऐकून गंमत वाटते, पोथीतलं माणूस बोलतंय म्हणतात. म्हणून हे लिहिताना मी त्यांच्यासारखं लिहिते आहे. घरी बोलते तसं लिहिलं तर ते माझ्या रागालाही हसतील.

तर ते रान. स्वामीमलैच्या बसनं तिरुवलंचुळीला उतरलं की नदीच्या काठाकाठानं एक मातीचा रस्ता जातो, आणि तो संपतो तिथं अय्यनारची देवराई आहे. अय्यनार गावाची वेस राखतो. रात्री घोड्यावर बसून फेरी घालतो, म्हणून नवस फेडायचा तर त्याला मातीचा घोडा द्यायचा. आमच्या वैष्णव घरात शनिवारी पेरुमाळ, म्हणजे विष्णू, आणि एकादशीला विठोबा. अय्यनार आमच्या देवांत नाही, आणि माझ्या सासूबाई असत्या तर ‘तिथें कशास जातां’ म्हणून विचारल्याशिवाय राहिल्या नसत्या. मी तिकडे जायला लागले ती मुलींना झाडं दाखवायला. भाताच्या सपाट खाचरांच्या ह्या मुलुखात ‘रान’ हा शब्द तोंडात यावा असा तेवढाच एक तुकडा होता.

घोडे कुंभार करतो, आणि कुंभारच तिथला पुजारी. वैशाखात नवे घोडे येतात, भाजलेले, आतून पोकळ, कुणी कमरेएवढा तर कुणी छातीएवढा, आणि जुन्यांच्या शेजारी उभे राहतात. जुन्यांना हात लावायचा नाही. पडले तर पडू द्यायचे, फुटले तर फुटू द्यायचे. देवाला दिलेली वस्तू देवानंच मोडावी, असा तिथला रिवाज. त्यामुळे त्या देवराईत झाडांखाली जिकडे पाहावं तिकडे घोडे, कुणाची मान गेलेली, कुणाची पाठ खचलेली, कुणाचे नुसते चार पाय उरलेले. मुलींना पहिल्यांदा भीती वाटायची. मग त्या घोड्यांवर डबे ठेवून जेवायच्या आणि मी ओरडायचे.

त्या खचलेल्या पाठींतून झाडं उगवतात. वटवाघळं आणि पाखरं वरून बिया टाकतात, पानं कुजून पोटात माती होते, पावसाचं पाणी तिथं साठून राहतं. आणि मुख्य म्हणजे शेळ्या. गावच्या शेळ्या जमिनीवर एक अंकुर ठेवत नाहीत, पण घोड्याच्या पोटात त्यांचं तोंड पोचत नाही. रोपाची मुळं जाड झाली की ती खापर फोडून जमिनीत उतरतात, आणि तोवर शेंडा शेळीच्या तोंडाबाहेर गेलेला असतो. तिथली जांभळं, करंज, बहुतेक मोठी झाडं अशीच आलेली. त्यांच्या बुंध्यांत खापऱ्या रुतलेल्या दिसायच्या. हे मला कुणी सांगितलं नाही. वर्षानुवर्षं मुलींना घेऊन जाताना दिसलं, आणि गावात विचारलं तर लोक ‘हो, मग?’ असं म्हणायचे.

काही वर्षांपूर्वीच्या वादळात ते रान आडवं झालं. देवासमोरचा मोह, इकडे त्याला इलुप्पै म्हणतात, मुळासकट उपटला. अय्यनारच्या दिव्यात त्याच झाडाच्या बियांचं तेल जळायचं. पुजाऱ्याच्या घरच्या बायका बिया वेचायच्या, वाळवायच्या आणि घाण्यावरून तेल काढून आणायच्या. दुसरं तेल त्या दिव्यानं पाहिलेलं नव्हतं. झाड पडल्यावर पुजाऱ्यानं घरात असेल नसेल तेवढं तेल एका बुधल्यात भरलं, आणि रोज लावायचा दिवा फक्त शुक्रवारी लावायला सुरुवात केली.

पुढच्या वर्षी एका बसक्या, मान गेलेल्या घोड्याच्या पोटात मोहाचं रोप दिसलं. मोहाचं बी टिकत नाही, ताजं असतानाच रुजलं तर रुजलं. जवळपास दुसरा मोह नाही. म्हणजे पडलेल्या झाडाचं मागे उरलेलं ते एवढंच. मी पुजाऱ्याला ते दाखवायला गेले तर त्यानं ते माझ्याआधीच पाहिलेलं. पूजा झाली की तांब्यात उरलेलं पाणी तो त्या घोड्याच्या पाठीत ओतायचा आणि पुढे जायचा. मोहाला फळ धरायला फार वर्षं लागतात. त्या तेलाचा दिवा त्याला स्वतःला लावायला मिळणार नव्हता, हे तो जाणून होता. पण बुधल्यातलं तेल खाली जात होतं आणि रोप वर येत होतं, एवढ्यावर त्याचं समाधान होतं. त्या रानात बाकी काय जगतं आणि काय मरतं ह्याची मला काळजी होतीच, पण मी जायचे ती त्या रोपासाठी.

मग सरकारची योजना आली. नदीकाठची रानं आणि देवराया पुन्हा उभ्या करायच्या, आणि त्याही ‘स्थानिकांच्या ज्ञानाच्या आधारे’. हे वाक्य त्या योजनेच्या पहिल्याच पानावर होतं. योजनेची अधिकारी म्हणून आलेली मुलगी तिशीतली, सुती साडीतली, उन्हानं रापलेली. माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीनं तिला माझं नाव सांगितलं होतं. आमच्या ओसरीवर बसून तिनं कॉफी घेतली आणि म्हणाली, "मॅडम, झाडं कुठली लावायची हे आम्ही ठरवणार नाही. आम्हांला लोकांकडून शिकायचं आहे."

मी आयुष्यभर दुसरंच पाहिलेलं. वेडी बाभूळ आली, निलगिरी आली, दरवेळी जीप आली, खड्डे खणले, फोटो निघाले आणि जीप गेली. त्यामुळे हे वाक्य ऐकून मी विरघळले. म्हटलं, मग मला विचारू नका, तिथल्या पुजाऱ्याला विचारा. तिनं लगेच मान्य केलं.

बैठक गावातल्या समाजमंदिरात झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे बॅनर, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. पुजारी पांढरी शुभ्र वेष्टी नेसून पुढच्या खुर्चीत बसला होता, अगदी टोकावर, खुर्ची परत मागतील अशा बेतानं. अधिकारी मुलगी त्याच्यासमोर खाली सतरंजीवर बसली. हे मला फार आवडलं. तिनं हात जोडून विचारलं, "अय्या, तुमच्या देवराईत कुठली झाडं लावावीत?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं, बॅनरकडे पाहिलं. "कडुनिंब लावा," तो म्हणाला. "पिंपळ लावा. बेल लावा. देवाची झाडं आहेत."

मग सगळ्यांनाच जोर चढला. कुणी बदाम म्हणालं, सावली छान पडते. कुणी नारळ म्हणालं. मागून एक बाई म्हणाली, फुलझाडं लावा, बघायला बरं दिसतं. मी पुजाऱ्याकडे डोळे मोठे करून पाहत होते, त्यानं ते बघितलं आणि मान फिरवली. मी स्वतः उठून बोलायला हवं होतं म्हणाल, तर मी उठले. "झाडं तिथं कशी उगवतात ते एकदा विचारा," मी म्हटलं. मुलगी गोड हसून म्हणाली, "मॅडम, आज आपण फक्त गावकऱ्यांचं ऐकू या ना." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसले.

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. "घोड्यांबद्दल का नाही बोललात?"

"त्यांनी झाडांबद्दल विचारलं, टीचरम्मा."

"पण तिथं झाडं घोड्यांतूनच येतात ना?"

"ती येतात," तो म्हणाला. "ह्यांना लावायची आहेत."

"मग हेच सांगायचं होतं."

आता तो माझ्यावर वैतागला. "एवढी माणसं शहरातून आली, खाली बसली. पाहुण्यांपुढे घरातल्या मोडक्या वस्तू कुणी काढून दाखवतं का?" आणि वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून तो चालता झाला.

घरी येऊन मी हे सगळं यजमानांना सांगितलं. ते विमा कंपनीत होते, माणसं एक विचारतात आणि दुसरं ऐकायची अपेक्षा ठेवतात हे त्यांना नवीन नाही. माझ्या हातचं डांगर पच्चडी भातात कालवता कालवता ते म्हणाले, "तुज काय पडलं आहे गं? त्याचा देव, त्याचे घोडे. त्यांनी पुसलं, त्यानं सांगितलं, जालं."

"काय जालं? काही एक जालं नाही," मी म्हटलं.

"मग तूं जाऊन सांग. नाही तरी तूं गप्प कोठें बसणार?"

गेले. दोन बस बदलून तिच्या कार्यालयात गेले आणि तिला घोड्यांचं सगळं सांगितलं, शेळ्यांसकट, वटवाघळांसकट. तिच्याबद्दल खोटं बोलणार नाही, ती दुसऱ्याच दिवशी माझ्याबरोबर आली. चपला बाहेर काढून रानात शिरली. काट्यांतून वाकून वाकून घोड्यांच्या पोटांत डोकावली. जांभळाच्या बुंध्यातली खापरी बोटानं चाचपून पाहिली. मान गेलेल्या घोड्यातलं मोहाचं रोप दाखवलं तेव्हा ती उकिडवी बसली आणि कितीतरी वेळ त्याचे फोटो काढत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मॅडम, हेच तर आम्ही शोधत होतो," ती म्हणाली. जाताना तिनं मला सांगितलं की ह्या घोड्यांना धक्का लागता कामा नये, त्यांचं जतन झालंच पाहिजे, असं ती स्पष्ट लिहून देईल. आणि तिनं तसं लिहून दिलं. मी ते वाचलं आहे.

इतकं सुखानं मी त्या रानातून कधी परतले नव्हते. यजमानांना म्हटलं, बघा, ऐकणारं माणूस भेटलं की कसं होतं.

नंतर लेकीच्या बाळंतपणासाठी मी बंगळुरूला गेले. तिथून मधूनमधून अधिकारी मुलीला फोन करायचे. कुंपण झालं का, शेळ्या आवरल्या का. उंटावरून शेळ्या हाकण्यातलाच तो प्रकार. ती दरवेळी उत्साहानं सांगायची की गाव फारच छान साथ देतंय, विशेषतः बायका. पुजाऱ्याची सून महिला गटाची प्रमुख आहे, ती तर पदर खोचून उभी आहे. मला आनंद झाला. पावसाळा तोंडावर असताना मी परत आले तर उद्घाटनाची पत्रिका माझी वाट पाहत होती.

त्या दिवशी मातीच्या रस्त्यावरून चालताना मला लांबूनच रंग दिसले. आधी वाटलं पताका असतील. जवळ गेले तर घोडे. रानाच्या तोंडाशी, दोन्ही बाजूंना, शाळेतल्या कवायतीसारखे रांगेत उभे केलेले, निळे, पिवळे, लाल, सगळे ऑइलपेंटनं चकाकत असलेले. ज्यांना माना नव्हत्या त्यांना सिमेंटच्या माना आल्या होत्या. ज्यांना पाय नव्हते ते चौथऱ्यांवर बसवले होते. रांगेमागची जमीन झाडून लख्ख, तिच्यावर ओळीनं खड्डे, प्रत्येक खड्ड्यात कडुनिंब किंवा बदाम. आणि कमानीशेजारी मोठा फलक. फलकावर फोटो होता, मान गेलेल्या घोड्याच्या खचलेल्या पाठीतून वर आलेल्या मोहाच्या रोपाचा. खाली लिहिलेलं, घोड्यांच्या पोटातून जन्मणारं रान, लोकज्ञानातून लोकांसाठी.

मी तो घोडा शोधला. रांगेत पाचसात घोड्यांनंतर सापडला. बसक्या पुठ्ठ्यांवरून ओळखला. निळा केला होता. नवीन मुंडकं, त्याला पाट्या रंगवणाऱ्यानं काढलेले मोठे मोठे डोळे. पाठ सिमेंटनं बंद. मी बोटांनी वाजवून पाहिलं, आत काँक्रीट भरलेलं होतं, उभा राहावा म्हणून.

पुजाऱ्याची सून धावत आली. "टीचरम्मा, बघितलंत? आधी काय अवकळा होती आणि आता बघा." तिच्या नखांत अजून पिवळा रंग होता. तिनं मला सगळं सांगितलं, धापा टाकत, अभिमानानं. कार्यालयातून निरोप आला की ह्या देवराईत घोडेच सगळ्यांत महत्त्वाचे आहेत, ते बघायला बाहेरून माणसं येतील. मग गावाला वाटलं, बाहेरून येऊन माणसं हे बघणार? फुटके पाय आणि गवत? पण जुन्या घोड्यांना हात लावायचा नाही हा रिवाज. तर देवालाच विचारलं. लाल फूल एका पुडीत, पांढरं दुसऱ्या पुडीत, दोन्ही देवापुढे टाकून लहान मुलीला एक उचलायला लावायची. पांढरं आलं तर देवाची परवानगी. पुजाऱ्यानंच विचारलं, की घोडे हलवू का.

"पांढरं आलं," ती म्हणाली. "पहिल्या झटक्यात."

म्हणजे देवही त्यांच्याच बाजूचा निघाला. अख्ख्या गावानं मिळून, पोरंबाळं घेऊन, घोडे उचलून बाहेर आणले, पालथे करून आतली घाण काढली, काथ्यानं घासून धुतले. शासनानं पैसे दिले नसतानाही रंग त्यांनी वर्गणी काढून आणला. कुणावर सक्ती नव्हती. इतकं मनापासून काम त्या गावानं वादळानंतरही केलं नव्हतं.

"आत एक रोप होतं," मी म्हटलं. "ह्या घोड्यात."

"आत नुसतं गवत होतं हो सगळ्यांत," ती म्हणाली. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग फलकाकडे. मी तिच्यावर ओरडू शकले असते, पण त्या पिवळ्या नखांकडे बघून ओरडले नाही. तो घोडा कुणी धुतला हे तिला आठवत नव्हतं. मीही पुन्हा विचारलं नाही.

काढलेल्या घाणीचा ढीग देवळामागे होता. त्यावर शेळ्या चढल्या होत्या. मी छत्रीनं त्यांना हाकललं आणि ढीग उकरला. काटक्या होत्या, खापऱ्या होत्या, सुकलेली मुळं होती. त्यातलं कुठलं मोहाचं हे जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या मला सांगता आलं नाही.

भाषणं संपल्यावर मी अधिकारी मुलीचा हात धरून तिला फलकासमोर नेलं. "ह्या फोटोतलं रोप मला दाखव," मी म्हटलं. ती हसली, मग रांगेकडे वळली, आणि वळल्यावर तिचं हसू गेलं. ती मूर्ख नाही. मूर्ख असती तर मला सोपं गेलं असतं.

"पण मॅडम," ती म्हणाली, "घोडे महत्त्वाचे आहेत हे तुम्हीच सांगितलं होतंत."

होय, मीच. मी घोडे म्हटलं, तिनं घोडे लिहिलं, गावानं घोडे वाचवले. सगळ्यांनी ऐकलं. आता ओरडायचं कुणावर?

पुजारी गाभाऱ्यासमोर बसला होता. घोडे धुतले त्या दिवशी तो भट्टीसाठी माती काढायला नदीवर गेला होता, आणि संध्याकाळी परत आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मी त्याच्याशेजारी बसले. "तुम्ही देवाला फक्त हलवायचं विचारलंत," मी म्हटलं. मला बोलायचं नव्हतं, तोंडून गेलं.

"हो," तो म्हणाला. "जे विचारलं त्याचंच उत्तर त्यानं दिलं." त्याच्या हातात तांब्या होता, त्यात उरलेलं पाणी होतं. ते कुठं ओतायचं ह्याचा तो विचार करत असावा. शेवटी त्यानं ते तिथंच पायरीवर ओतलं.

घरी मी जेवले नाही. यजमानांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. रात्री झोपताना मी म्हटलं की उद्या मी त्या कार्यालयात जाऊन सगळ्यांना खडे बोल सुनावणार आहे. "आतां वरातीमागून घोडं," ते म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आज हा शब्द काढायला नको होता. मी इतकी चिडले की त्यांच्याशी सकाळपर्यंत बोलले नाही. गेले मात्र नाही. सुनावण्यासारखं मला काही सुचेना. प्रत्येकाच्या बाबतीत मला आधी त्याचा चांगुलपणाच आठवायचा आणि मग आणखी संताप यायचा.

मला वाटलं प्रकरण संपलं. पण ती मुलगी गप्प बसणारी नव्हती. पावसाळा सरला, बदामांची शेळ्यांनी वासलात लावली, कडुनिंब अर्धेमुर्धे जगले, आणि ती पुन्हा आमच्या ओसरीवर आली. अंगानं उतरली होती. म्हणाली, "मॅडम, चूक झाली ती झाली. पण कल्पना खरी आहे ना? मी वरच्यांशी बोलले. त्यांनाही पटलंय." तिनं पिशवीतून कागद काढले. मोडक्या घोड्यांतून रोपं वाढवायची पद्धत आता योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत जाणार होती. तिला भारदस्त संस्कृत नावही मिळालं होतं, ते मी इथं लिहीत नाही. बाकीच्या देवरायांतही ती वापरायची. त्यासाठी घोडे लागणार, मोडके. तयार करून घ्यायचे, पाठीला भोक पाडून, पोटात माती भरून. ऑर्डर पुजाऱ्यालाच द्यायची, पैसेही चांगले. लांबच्या एका तालुक्यातून मोहाचं ताजं बी वेळेवर आणायची व्यवस्थाही तिनं केली होती. तिनं खरोखर सगळ्याचा विचार केला होता.

"तुम्ही बरोबर याल?" तिनं विचारलं. "माझ्याशी पुजारी बोलत नाहीत."

मी गेले. का गेले कोण जाणे. कदाचित मलाही वाटलं असेल की जमेल. बी रुजलं तर रुजलं, ते कुठल्या मडक्यात आहे हे त्याला काय ठाऊक, असं वनस्पतिशास्त्र सांगतंच. तो शुक्रवार होता. देवळावरून जाताना मी आत डोकावले. दिवा जळत होता, पण वास वेगळा होता. बुधला कोपऱ्यात पालथा घातलेला, आणि समईशेजारी दुकानातल्या तेलाची पिशवी, तिचा कोपरा कात्रीनं कापलेला.

पुजारी घरामागे कामाला बसला होता. वैशाख जवळ येत होता. चाकावर मडक्यांसारखे केलेले घोड्यांचे पाय उन्हात सुकत होते, आणि एका घोड्याचं पोट तो हातानं चोपून चोपून वर आणत होता. सून दारात उभी होती, पण बाहेर आली नाही. मुलीनं हात जोडले, जमिनीवर बसली आणि सगळं समजावून सांगितलं. ह्या खेपेला तिनं झाडांबद्दल विचारलं नाही, घोड्यांबद्दलच विचारलं. नीट विचारलं. मला तिचं कौतुक वाटलं आणि त्याचाही राग आला.

त्यानं हात न थांबवता ऐकलं. मग विचारलं, "कितपत मोडका पाहिजे?"

तिनं फोनवरचा फोटो दाखवला, त्या घोड्याचा, रोपासकट. त्यानं हात पुसले आणि फोन दोन्ही हातांत घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. इतका वेळ पाहत राहिला की स्क्रीन काळी झाली आणि तिला ती परत लावून द्यावी लागली. मग त्यानं फोन तिच्या हातात परत दिला आणि ओल्या पोटावरून हात फिरवून बोटांचे ठसे पुसायला लागला.

"नवा घोडा देतो, अम्मा," तो म्हणाला. "सांगाल तेवढे देतो. जुना घोडा मला करता येत नाही."